होडीला जमीन हवी



कामगार चळवळीतला माणूस होड्यांवर काय बोलणार, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि फाटकसभांत फार झाले. तिथे एक गोष्ट शिकलो. कारागिराच्या हातात नुसते हत्यार असून भागत नाही. ते चालवायला जागा लागते. होडीच्या बाबतीत हे सत्य जितके उघड दिसते, तितके दुसरीकडे क्वचितच दिसेल.

होडी चालते पाण्यात, पण ती जन्मते जमिनीवर आणि तिचे दुखणेखुपणेही जमिनीवरच निघते. ही जमीन कसलीही चालत नाही. ती पाण्याला लागून आणि उतरती हवी. होडीच्या दोन्ही अंगांनी माणसाला फिरता आले पाहिजे. वर आडोसा हवा. कारण लाकूड असो की फायबर, ओल आत कोंडली की पुढे घात करते. आणि मुख्य म्हणजे काम पुरे होईपर्यंत तिथून कोणी ‘उठा’ म्हणता कामा नये. अर्धी होडी कमाई करीत नाही. भाडे मात्र रोज चढते. पैसा जमला, लाकूड आले, सुतार भेटला, तरी जागेपायी काम अडते.

मुंबईचा मोठेपणाच मुळी अशा जागेवर उभा राहिला. लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून १७३६ च्या सुमारास इथे आले आणि १७५० पासून इथे कोरडी गोदी बांधली गेली. कोरडी गोदी म्हणजे दार लावून पाणी बाहेर काढता येते असा दगडी हौद. याच मुंबईत मलबारी सागाची ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका घडली. १८१७ साली ती पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडात हार्टलपूल गावी जपून ठेवलेली आहे. कारागिरांचे हात कसबी होते खरेच. पण त्या हातांना गोदीचा आधार होता.

आता अलीकडचे पाहा. कमांडर दिलीप दोंदे २००९ च्या ऑगस्टात मुंबईहून एकटे निघाले आणि २०१० च्या मे महिन्यात पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. त्यांची ‘म्हादेई’ ५६ फूट लांब. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तेव्हा ५६ फूट म्हणजे काय ते आपण जाणता! ही नौका बांधली रत्नाकर दांडेकर यांनी, गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर. सफर मुंबईहून सुरू झाली, पण नौकेला घडायला जागा मिळाली ती दिवाडीवर.

कोणी म्हणेल, शिडाची नौका ही श्रीमंतांची हौस. असेल, पण तिच्यावर राबणारे सुतार आणि रंगारी श्रीमंत नसतात. शिवाय कोळ्याच्या होडीला हौस कोण म्हणेल? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढायच्या, शाकारायच्या, डागडुजी करून नारळी पौर्णिमेला पाण्यात लोटायच्या. वरळीला, माहीमला हा किनाऱ्याचा पट्टा कोळ्याचा कारखानाच आहे. नकाशात मात्र तो ‘मोकळी जागा’ दिसतो.

मोकळ्या दिसणाऱ्या जागेचे काय होते, ते गिरणगावाला शिकवायला नको. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एकेक तृतीयांश वाटा शहराला आणि घरांना मिळायचा होता. २००१ साली तो नियम बदलला. फक्त आधीच मोकळी असलेली जमीन मोजली गेली आणि वाटे आक्रसले. वरळीच्या कोळ्यांनी सागरी रस्त्याच्या वेळी निराळा धडा दिला. होड्यांच्या वाटेवरील खांबांत ६० मीटर अंतर ठरले होते. ते झगडले, तेव्हा ते १२० मीटर झाले. म्हणजे नकाशा बदलता येतो. मात्र मागणारे एकजूट हवेत.

म्हणून माझी मागणी साधी आहे. शहराचा आराखडा होईल तेव्हा होड्या ओढण्याची, ठेवण्याची आणि बांधण्याची जागा त्यात नावानिशी दाखवा. ती कारागिरांच्या सहकारी संस्थांच्या ताब्यात द्या आणि भाडे झेपेल असे ठेवा. काम पुरे करायला जागा मिळणे ही मेहेरबानी नव्हे. तो कष्ट करणाऱ्याचा हक्क आहे. समुद्राकाठच्या शहरात एवढी जमीन आपण होडीसाठी राखू शकलो नाही, तर समुद्र उरेल तो फक्त खिडकीतून पाहण्यापुरता.