टांगत्या टोपलीतले टमाटे



पुस्तकात टोमॅटो लिहितात. आपण टमाटे म्हणतो. आज आपण तेच नाव चालवू.

मोलगीच्या डोंगरात आपली घरे उतारावर. अंगणात रोप लावले तर कोंबड्या उकरतात. कोंबड्या चुकल्या तर शेळ्या आहेतच! म्हणून रोप उंच टांगावे. दूधदुभते शिंक्यावर ठेवतात ना, तसेच हे. बांबूची टोपली घ्या. ती वीतभर तरी खोल हवी. आत गोणपाट लावा. निम्मी माती आणि निम्मे कुजलेले शेणखत भरा. ओली टोपली फार जड होते, तेव्हा दोर पक्क्या वाशाला बांधा. एका टोपलीत एकच रोप लावा.

हे सारे सोपे आहे. खरा प्रश्न बियाण्याचा आहे. बी कोणते घ्यावे?

पिंपळगाव बसवंत, नारायणगाव येथून टमाटे ट्रक भरून लांबच्या शहरांना जातात. वाटेत ते फुटू नयेत, म्हणून जाड सालीच्या जाती लावतात. फळ पुरते पिकण्याआधीच तोडतात. त्यात व्यापाऱ्याचा दोष नाही, माल टिकायला हवा. पण आपल्या टोपलीतून ताटापर्यंत पाच पावले! आपल्याला जाड साल हवी कशाला? आपण चव पाहावी.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने 'पुसा अर्ली ड्वार्फ' ही जात काढली. अर्ली म्हणजे लवकर, ड्वार्फ म्हणजे बुटके. झाड बुटके राहते, फळ लवकर येते. टोपलीला हे सोयीचे. त्याच संस्थेची 'पुसा रुबी' थोडी आंबट. भाजीला, आमटीला फार छान. पण तिचे झाड वाढते, त्याला आधार द्यावा लागतो.

आणि चेरी टमाटा? तो बोराएवढा असतो. लहान फळात गोडी जास्त उतरते. मुले येता-जाता तोडून खातात. आमच्या मते टोपलीला हाच पहिला. मात्र काही चेरी जाती वेलासारख्या लांबच लांब जातात. दुकानात बुटकी जातच मागा. दुकानदाराला माहीत नसेल तर नंदुरबारच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

पुडी घेताना ती वाचा. 'संकरित' किंवा 'एफ-१' लिहिले आहे का? संकरित झाडाला फळे पुष्कळ येतात. पण त्या फळाचे बी धरले तर पुढचे झाड तसेच येईल असे नाही. मग दर साली पुडी विकत घ्या! विलायतेत टांगत्या टोपलीत 'टंबलर' नावाची जात लावतात, तीही संकरितच. साधी सुधारित जात घेतली तर बी घरचे होते. २०२३ च्या जुलैत टमाटे किलोला १०० रुपयांच्या वर गेले होते. तेव्हा गरिबाच्या भाजीतून ते गेलेच. म्हणून घरच्या बियाण्याला आम्ही एवढे महत्त्व देतो.

रोप भाद्रपदात तयार करा. पाऊस ओसरला की टोपलीत लावा. टोपलीला दिवसातून पाच-सहा तास ऊन हवे. टांगती माती लवकर वाळते, म्हणून रोज बोट घालून पाहा. आज कोरडे आणि उद्या भरपूर पाणी, असे केले तर फळ तडकते. नेहमीच चिखल ठेवला तर फळ पाणचट होते. डाबच्या बाजूला थंडीत कधी कधी दव गोठते. अशा रात्री टोपली घरात घ्या. शेतातल्या झाडाला ही सोय नाही!

फळे येऊ लागली की सगळ्या झाडांची चव घ्या. सर्वांत गोड झाडाला चिंधी बांधा. त्याची दोन-तीन फळे झाडावरच पुरी पिकू द्या. मग त्यांचा गर वाटीत पिळा, थोडे पाणी घाला, दोन-तीन दिवस ठेवा. वास येईल, येऊ द्या. नंतर बी धुऊन सावलीत वाळवा, कोरड्या बाटलीत भरा. बाटलीवर जातीचे नाव आणि साल आपल्या हाताने लिहा.