दक्षिणेला कुणी ‘फुकट’ म्हटलं नाही

(सारनाथला निघालेल्या मराठी विद्यार्थ्यांशी वाराणसीत दुर्गाघाटाच्या पायऱ्यांवर झालेल्या बोलण्याचं शब्दांकन)



सारनाथला जाण्याआधी थोडा वेळ इथे बसू या असं मी म्हटलं, त्याला कारण आहे. हा दुर्गाघाट अठराव्या शतकात पक्का बांधला तो नारायण दीक्षित पाटणकर यांनी. पेशव्यांना ते गुरुस्थानी होते. जागा मल्लाहांची होती, ती त्यांच्याकडून विकत घेतली असं सांगतात. या गल्ल्यांमध्ये मराठी ब्राह्मण कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहिली. मराठी सत्ताधीशांनी काशीत ब्राह्मणांसाठी अन्नछत्रं चालवली, वर्षासनं दिली. तो पैसा आकाशातून पडत नव्हता. तो आपल्या आज्या-पणज्यांनी राबलेल्या शेताच्या साऱ्यातून येत होता.

तिकडे पुण्यात श्रावणात पर्वतीच्या रमण्यात दक्षिणा वाटली जायची. विद्वानांची परीक्षा होई, त्यांना जास्त मिळे, हे खरं. पण रांगेत उभं राहायला जन्म पुरेसा होता. 1818 ला पेशवाई गेली, तरी इंग्रजांनी दक्षिणा बंद केली नाही, फक्त कमी केली. त्याच निधीतून 1821 ला विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तीही ब्राह्मण मुलांसाठी. पुढे 1849 च्या सुमारास सुधारकांनी मागणी केली की या पैशातून मराठी ग्रंथांना उत्तेजन द्या. सनातनी खवळले. तेव्हा जोतीराव फुले आपली माणसं घेऊन सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले.

सरकारी तिजोरीतून मदत घेणं ही आपण काढलेली रीत नाही, एवढंच मला सांगायचं आहे. पण दक्षिणा घेणाऱ्याला कुणी ‘फुकट्या’ म्हटलं नाही. तो शब्द आपल्यासाठी राखून ठेवला होता.

आता याच शहरातली दुसरी गोष्ट. 1942 मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. 29 ऑक्टोबरला त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. त्यांचा हिशेब साधा होता. बनारस हिंदू विद्यापीठाला सरकार दरवर्षी तीन लाख देतं, अलीगढलाही तीन लाख देतं, मग आमच्या मुलांना का नाही? त्यांनी दया मागितली नाही, वाटा मागितला. त्यातूनच 1944 च्या सुमारास अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. तुम्ही-आम्ही जिला ‘भारत सरकार शिष्यवृत्ती’ म्हणतो, ती हीच. तिच्यामुळेच आज आपण इथे बसलो आहोत.

पण म्हणून तिची दुखणी झाकायची नाहीत. वसतिगृहात माझ्या खोलीवर एक मित्र होता. घरातला पहिलाच कॉलेजात आलेला. शिष्यवृत्तीधारकाकडून प्रवेशाच्या वेळी फी मागू नये, असा शासनाचा आदेश आहे. तरीही कॉलेजने फी मागितली आणि गुणपत्रिका अडवून ठेवली. ‘पैसे आले की देऊ.’ उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधार जोडलेलं खातं, सगळं त्याने दिलं होतं. एक सेमिस्टर गेलं, दुसरं गेलं. तो गोदामात कामाला लागला. पैसे खात्यात आले तेव्हा त्याने कॉलेज सोडून पाच महिने झाले होते.

सरकारी कागदावर तो ‘लाभार्थी’च राहिला. हे नीट लक्षात घ्या. उशिरा आलेली मदत हिशेबात पूर्ण धरली जाते आणि शिकणारा मुलगा मात्र हिशेबातून गळतो.

आणि गरीब कोण, हे कोण ठरवतं? 2013 पासून या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये आहे. म्हणजे महिन्याला एकवीस हजारही नाहीत. बाप कंत्राटी सफाई कामगार आणि आई धुणीभांडी करणारी असली, तरी दोघांची कमाई कधी ही रेघ ओलांडते. ओलांडली की फीची सवलत राहते, निर्वाहभत्ता जातो. जेवणाचं आणि खोलीभाड्याचं तुमचं तुम्ही बघा. 2019 मध्ये आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना आरक्षण आलं. त्यात अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींना जागा नाही, आणि तिथली मर्यादा आठ लाख. दोन योजना वेगळ्या आहेत, मान्य. पण ‘गरीब’ हा शब्द एकच ना? मग एकाची गरिबी आठ लाखांपर्यंत पुरते आणि दुसऱ्याची अडीच लाखांतच कशी संपते?

मदत न्याय्य आहे की नाही, हे रकमेवरून कळत नाही. ती वेळेवर मिळते का? नाही मिळाली तर जाब विचारता येतो का? घेणाऱ्याला मान खाली घालावी लागते का? दक्षिणा घेणाऱ्याला मान खाली घालावी लागली नाही. आपल्या मुलांना खिडकीपाशी रोज घालावी लागते.

शेवटचं थोडं बोचेल. आपल्यातले काही पदवीधर नोकरी लागताच म्हणतात, ‘मी मेहनतीने आलो, हे आताचे फुकट खातात.’ दादांनो, ताईंनो, आपली मेहनत खरी होती आणि ती शिष्यवृत्तीही खरी होती. गावी गेलात की शेजारच्या मुलीचा अर्ज भरायला बसा. कॉलेजने गुणपत्रिका अडवली तर तिच्यासोबत समाजकल्याण कार्यालयात जा. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी विनवणीची फाइल होत नाही.

चला, सारनाथला उशीर होतोय. जय भीम.