खोली द्या, फलक नको
(सारोळे येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



दारूच्या प्रश्नावर आपण आजवर पुष्कळ बोललो. हातभट्ट्या फोडल्या, तहसील कचेरीवर मोर्चे नेले, गावोगावच्या भगिनींनी मतदान करून बाटली आडवी केली तेव्हा त्यांच्या पाठीशी उभे राहिलो. ते योग्यच होते. परंतु दुकान बंद झाल्यावर सकाळी ज्याचे हात कापतात त्या माणसाचे काय, हे आपण फारसे विचारले नाही.

आमच्या एका शाखेत एक जुना कार्यकर्ता होता. सतरंज्या घालण्यापासून तुरुंगात जाण्यापर्यंत कोणत्याही कामाला त्याने कधी नकार दिला नाही. एका रात्री सभा आटोपल्यावर तो मला म्हणाला, "मला सोडायची आहे. कुठे जाऊ?" मी त्याला दारूचे दुष्परिणाम सांगितले, जे त्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते. पत्ता माझ्यापाशी नव्हता. पुढे त्याला समितीतून वगळण्याचा ठराव आला, आणि त्या ठरावाच्या बाजूने माझाही हात वर होता.

पत्ता मात्र अस्तित्वात होता. 1935 साली अमेरिकेतील अॅक्रन गावी शेअरबाजारातला एक दलाल आणि एक शल्यचिकित्सक, दोघेही दारूने खचलेले, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ उभी राहिली. तिच्या सभेला ना वक्ता लागतो ना अध्यक्षीय समारोप. एक जण आपली हकीकत सांगतो, बाकीचे मध्ये न बोलता ऐकतात. फी नाही, नोंदवही नाही, आडनाव विचारले जात नाही. पिणे थांबवण्याची इच्छा एवढीच अट. ज्याने स्वतः घरातली भांडी विकली आहेत, त्याच्यापुढे भांडी विकल्याचे सांगताना मान खाली घालावी लागत नाही. या सभेचे बळ मला तरी त्यात दिसते. 2020 साली 27 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. पूर्णपणे दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत या मार्गाकडे पद्धतशीरपणे वळवलेल्यांना इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा अधिक यश मिळाले, असा त्याचा निष्कर्ष आहे.

आपल्यातले काही बुद्धिवादी साथी विचारतील, त्यात ईश्वराचा उल्लेख आहे ना? आहे, पण ज्याला जसा उमगेल तसा. पुष्कळ जण त्या जागी समोर बसलेल्या गटालाच मानतात. माझ्या मते या मुद्द्यावर वाद घालून कोणाला दारातून परत पाठवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पुण्यात अशा सभा निरनिराळ्या भागांत भरतात. येरवड्याला 1986 साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने मुक्तांगण सुरू केले. तेथे उपचार आहेत, उपचारानंतरच्या पाठपुराव्याच्या सभा आहेत, व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे. पत्ता हाताशी नसेल तर 14446 हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक फिरवावा. मनाच्या आजारांसाठी 14416 आहे. एक गोष्ट मात्र विसरू नका. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्राणावरही बेतते. त्याला शपथ घालण्याआधी डॉक्टरांकडे न्या. पहिल्या सभेला त्याच्याबरोबर एस.टी.त बसा, आणि ती सभा केवळ व्यसनींसाठी असेल तर बाहेर थांबा.

परंतु सारोळ्याच्या माणसाने दर आठवड्याला पुण्याला जायचे म्हणजे अर्धा रोज बुडतो, आणि संध्याकाळची सभा संपेपर्यंत परतीच्या गाडीची धास्ती. सभा गावाजवळच हवी. मद्यपाश सोडू पाहणारे दोघे-तिघे एकत्र आले तरी गट होतो. अडचण वेगळीच आहे. शहरात नाव झाकता येते; येथे कोणाची चप्पल कोणत्या उंबऱ्याबाहेर आहे हेही गाव ओळखते. म्हणून माझी सूचना अशी की सारोळेकरांनी नीरेचा पूल ओलांडून शिरवळच्या बाजूला बसावे आणि तिकडच्यांनी इकडे यावे. पुलावरून रोज कारखान्यात जाणारे इतके आहेत की एखाद्याकडे कोणी वळून पाहणार नाही.

आता आपले काम. ते थोडे आहे आणि आपल्या स्वभावाला जड जाणारे आहे. एक खोली मिळवून द्यायची. ती फुकट देऊ नका; हे गट बाहेरची देणगी घेत नाहीत, आपला खर्च आपल्या वर्गणीतून भागवतात, तेव्हा झेपेल तेवढे भाडे घ्या. त्या खोलीवर पक्षाचा फलक नको, उद्घाटन नको, वर्तमानपत्रात छायाचित्र नको. या गटांचा कोणत्याही पक्षाशी वा धर्माशी संबंध नसतो, दारूबंदीच्या बाजूनेही ते ठराव करत नाहीत. आपल्याला हे खटकेल. मलाही खटकले होते. पण ज्या खोलीत आपला माणूस आपल्या विरोधकाच्या शेजारी बसून रडणार आहे, तेथे आपला झेंडा असेल तर तो विरोधक पायरी चढणार नाही, आणि कदाचित आपला माणूसही नाही.

सभेनंतर मला भेटून ज्यांना जागा सुचवायची असेल त्यांनी सुचवावी. रस्त्याला लागून नको, मागल्या दाराची असली तर उत्तम. किल्ली पहिल्या दिवसापासून गटाकडेच राहील.