चुलीपुढचा कामगार



चुलीवर बोलायला युनियनचा माणूस कशाला, असे आपल्याला वाटले असेल. १९४८ च्या कारखाना कायद्यात कामाच्या जागेतली धूळ नि धूर बाहेर काढण्याचे कलम होते. त्यासाठी आम्ही मालकांशी भांडतो, आणि घरी येऊन धुरात बसलेल्या बाईकडे भाकरी मागतो!

धूर म्हणजे न जळलेले सरपणच. साध्या चुलीत लाकडाच्या उष्णतेतला फार तर सातवा-आठवा हिस्सा भांड्याला लागतो. उपाय अवघड नाहीत. लाकूड वाळलेले नि बारीक फोडलेले हवे. ते जाळीवर ठेवावे, म्हणजे खालून वारा मिळतो. जाळाभोवतीची जागा आटोपशीर ठेवली की आच कोंडते आणि धूरही पेटतो. मागे वैल असला तर उरलेल्या आचेवर कालवण होते.

हे ज्ञान नवे नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत मगन चूल झाली. हैदराबादच्या डॉ. एस. पी. राजूंनी १९५३ साली बिनधुराच्या स्वयंपाकघरावर पुस्तिका लिहिली. १९८३ मध्ये सुरू झालेल्या सरकारी कार्यक्रमात तीन कोटींहून अधिक चुली बसल्या. २००२ मध्ये तो संपला, पण पुष्कळ चुली त्याआधीच मोडल्या होत्या.

का मोडल्या? आमच्या एका सभासदाच्या घरी अशी चूल मी पाहिली. तोंड अरुंद, वर धुराडे, जाळ झकास. पण तव्यावरची भाकरी फुगवायची कोठे? निखारे ओढायला पुढे जागाच नाही! बाईने चौथ्या दिवशी पहारीने तोंड फोडून रुंद केले. मग गार वारा आत शिरू लागला नि धूर पुन्हा घरात. बसवणारे म्हणाले, बाई अडाणी. मी म्हणतो, अडाणी तो, ज्याने भाकरी न भाजता मापे काढली. तोंडापुढे वीतभर ओटा ठेवला असता तर भागले असते. यंत्र हाताला येईना की दोष कामगाराचा, ही रीत कारखान्यांतही आहे.

२०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅस आला, हे चांगलेच झाले. पण पुढच्या सिलिंडरला पैसे नसले की चूल पेटतेच. तेव्हा चूल घालणाऱ्याने आधी दोन वेळचा स्वयंपाक बसून पाहावा. आणि धुराड्यात काजळी साचते, ते वरचेवर झाडावे लागते. छपरावर चढायचे तेवढे काम तरी पुरुषांनी करावे.