पिछाडीचा सैनिक आणि बंदूक

ज्याच्या हाती लेखणी, झारा किंवा मोटारीचे चाक, त्या सैनिकाला बंदूक शिकवावी कशासाठी, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. लष्कराचा वेळ मोलाचा आहे, हे खरेच. परंतु आघाडी व पिछाडी यांमधील रेषा शत्रू पाळीलच, असे नाही.

१९४४ च्या फेब्रुवारीत आराकानमध्ये जपानी सैन्य सातव्या हिंदी डिव्हिजनच्या पिछाडीवर येऊन धडकले. सिंझवेया येथील पुरवठ्याच्या तळाला वेढा पडला आणि कारकून, चालक, खेचरवाले यांनाही बंदुका घेऊन उभे राहावे लागले. ७ तारखेच्या रात्री शत्रू शुश्रूषाकेंद्रात शिरला. जखमी आणि डॉक्टर यांची तेथे हत्या झाली. तळ मात्र शेवटपर्यंत पडला नाही.

केवळ शस्त्र देऊनही भागत नाही. २३ मार्च २००३ रोजी इराकमध्ये नासिरिया येथे वाट चुकलेल्या अमेरिकन दुरुस्ती पथकातील ११ सैनिक प्राणांस मुकले. अनेकांच्या बंदुका ऐनवेळी अडल्या. वाळवंटात त्यांची पुरेशी निगा राखली गेली नसावी, असे लष्करी अहवालाने म्हटले. म्हणजे शिक्षण एकदाचे नव्हे, नित्याचे हवे.

आणि वैद्यकीय सेवक? १९४९ चा जिनीव्हा करार त्यांना स्वतःच्या व रुग्णांच्या रक्षणापुरते शस्त्र बाळगू देतो. ज्यांच्या सद्‌सद्विवेकबुद्धीला शस्त्र मानवत नाही, त्यांच्यावर सक्ती नसावी. इतरांना मात्र, श्रोतेहो, बंदूक यावीच. कारण जखमी माणूस स्वतःचे रक्षण करू शकत नाही.