श्रवणयंत्र घेण्यापूर्वी



'श्रावक' या शब्दाचा मूळ अर्थच ऐकणारा असा आहे. परंतु वयोमानाने आपल्यातील अनेकांना व्याख्यानातील शब्द नीट ऐकू येत नाहीत. घरातही एकच गोष्ट चारदा विचारावी लागते, घरचे त्रासतात आणि ज्येष्ठ व्यक्ती हळूहळू बोलणेच सोडून देते. हे एकाकीपण टाळता येण्याजोगे आहे, म्हणून श्रवणयंत्राच्या खरेदीविषयी चार शब्द.

माझा व्यवसाय कापडाचा. दुसऱ्याच्या मापाने शिवलेला सदरा, कापड कितीही भारी असले तरी, आपल्या अंगावर बसत नाही. श्रवणयंत्राचेही तसेच आहे. कान न तपासता, केवळ जाहिरात पाहून मागविलेल्या यंत्राने भांड्यांचा खणखणाट वाढतो, शब्द मात्र अस्पष्टच राहतात.

प्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. कधी साचलेला मळ काढल्यानेही ऐकू येऊ लागते. एखाद्या कानाने अचानक ऐकू येईनासे झाल्यास मात्र एक दिवसही दवडू नये. त्यानंतर ऑडिओमेट्री करावी. तिच्या आलेखानुसार ऑडिओलॉजिस्ट यंत्र जुळवून देतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी अवश्य विचारावी. १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वांद्रे येथे, म्हणजे आपल्या विरार लोकलच्या मार्गावरच आहे. केंद्र शासनाच्या एडिप योजनेतून अल्प उत्पन्न असलेल्या पात्र व्यक्तींना यंत्रासाठी साहाय्यही मिळते.

पैसे देण्यापूर्वी यंत्र लावून शांत खोलीत आणि गर्दीतही ऐकून पाहावे. हमी किती वर्षांची, पुन्हा जुळवून देण्याचे शुल्क किती, दुरुस्ती वसई-विरारमध्ये होईल काय, हे लेखी घ्यावे. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, तेव्हा पावती नीट वाचावी.

आपली हवा समुद्रकाठची, दमट. म्हणून रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवावे आणि स्नानापूर्वी काढावे. आरंभी स्वतःचाच आवाज परका वाटतो. त्यामुळे यंत्र कपाटात टाकू नये. रोज थोडा-थोडा वेळ वाढवीत सवय करावी आणि तरीही अडचण वाटल्यास ते पुन्हा जुळवून घ्यावे.

घरच्यांनाही नम्र विनंती : ओरडू नका. समोर बसून, सावकाश बोला. यंत्र आवाज पोहोचविते, जिव्हाळा आपणच पोहोचवावयाचा असतो.

जय जिनेंद्र.