खोक्यावरचा आकडा आणि आजीचा नातू

सौदीत इंटरनेटवरच्या कॉलची बंदी सप्टेंबर २०१७ मध्ये बऱ्याच अंशी उठली आणि इथून, किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीतून, आजीला नातू दाखवणं सोपं झालं. पण लिनक्सवर स्वस्त वेबकॅम लावला, की खोक्यावर ७२० असूनही चित्र बऱ्याचदा ६४० बाय ४८०चंच! कारण साधं आहे. सेकंदाला ३० कच्ची ७२०ची चित्रं म्हणजे सुमारे ५५ मेगाबाइट, यूएसबी २.० ला ते झेपत नाही. म्हणून प्रोग्रॅममध्ये ‘एमजेपीईजी’ निवडा. मग कॅमेराच चित्र आकसून पाठवतो. ‘व्ही-फोर-एल-टू’ची साधनं कॅमेऱ्याची यादी दाखवतात. त्यात ७२० नसेलच, तर खुशाल दुकानात परत करा. आजीला नातवाचा पडलेला दात दिसायला हवा, नुसते ठिपके नव्हेत!